घरचं उटणं, साबण, तेल विकायचंय? परवान्यापासून लेबलपर्यंतची वाट

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात बचत गटांची प्रदर्शनं भरतात. गेल्या वर्षी अशाच एका प्रदर्शनात मी कुंकुमादी क्रीमची डबी हातात घेतली. वर सोनेरी अक्षरांत नाव, खाली ‘१०० टक्के नॅचरल’ आणि एक मोबाइल नंबर. वजन नाही, तारीख नाही, आत काय घातलंय याचा पत्ता नाही. विकणारी ताई मनापासून बोलत होती, तीच क्रीम स्वतःच्या मुलीलाही लावत होती. परवान्याचं विचारलं तर म्हणाली, “आहे ना. उद्यम नोंदणी आहे, शॉप ॲक्ट आहे, फूडचं लायसन्सपण काढलंय.”

तिन्ही कागद खरे होते, पण क्रीम करून विकायला त्यातला एकही चालत नाही. हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. मी डी. फार्म. केलंय, बरीच वर्षं औषधाच्या दुकानात काढली आणि आता एका छोट्या सौंदर्यप्रसाधन कारखान्यात तांत्रिक व्यक्ती म्हणून सही करते. दर दिवाळीला आणि लग्नसराईच्या तोंडावर मला असे पाच-सहा फोन येतात. त्या सगळ्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने मांडते.

पायरी १ : आपली वस्तू कायद्याने कोण आहे?

आपल्याकडे औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं एकाच कायद्याखाली येतात. १९४० चा मूळ कायदा फक्त औषधांचा होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्यप्रसाधनं आली. साबण तेव्हाही बाहेर होता, तो १९८२ च्या दुरुस्तीने आत आला. म्हणून ‘साबणाला कुठे लायसन्स लागतं?’ असं कोणी सांगितलं तर ते ऐकू नका. आज रोजचं काम चालतं ते सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे. त्याआधी हे नियम औषधांच्या १९४५ च्या नियमांतच मिसळलेले होते.

सौंदर्यप्रसाधन म्हणजे काय? शरीराला चोळायचं, ओतायचं, शिंपडायचं किंवा फवारायचं, आणि हेतू कोणता, तर स्वच्छ करणं, सुंदर दिसणं, रूप बदलणं. या व्याख्येतला ‘हेतू’ हा शब्द नीट धरून ठेवा. माक्याचं तेल एकच असतं. बाटलीवर ‘केस मऊ आणि चमकदार दिसतात’ लिहिलंत तर ते सौंदर्यप्रसाधन. त्याच बाटलीवर ‘केस गळती थांबते, टकलावर केस उगवतात’ लिहिलंत तर तुम्ही औषध विकताय, आणि त्याचा परवाना तुमच्याकडे नाही. तेल बदललं नाही, वाक्य बदललं आणि खातं बदललं.

तिसरी वाटही आहे. आयुर्वेदिक म्हणून विकायचं असेल तर परवाना आयुर्वेदिक औषधांच्या प्रकरणाखाली घ्यावा लागतो. त्यात ‘सौंदर्यप्रसादक’ असा वेगळा वर्गच आहे. नुसतं हळद-चंदन घातलं म्हणून वस्तू आयुर्वेदिक होत नाही, आणि त्या परवान्याशिवाय पाकिटावर ‘आयुर्वेदिक’ छापायचं नाही. कोणत्या वाटेने जायचं हे पहिल्या आठवड्यातच ठरवा. नंतर बदलायचं म्हटलं तर अर्ज, लेबल, सगळंच नव्याने करावं लागतं.

पायरी २ : परवाना

विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला उत्पादन परवाना लागतोच. बचत गट आहे, घरगुती आहे, महिन्याला पन्नासच वड्या होतात, यातल्या कशालाही सूट नाही. विकणाऱ्या दुकानाला मात्र वेगळा परवाना लागत नाही, आणि इथेच गैरसमज होतो. ‘मी फक्त पॅक करते’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. कायद्यात ‘उत्पादन’ या शब्दात पॅक करणं, लेबल लावणं, मोठ्या मालातून छोटे पॅक पाडणं हेही धरलंय. बाजारातून तयार सोप बेस आणून वितळवला, रंग-सुगंध घातला, साच्यात ओतला आणि आपल्या नावाने विकला, तर तुम्ही उत्पादक झालात. सुटं उटणं किलोवर आणून आपल्या पाकिटात भरलंत तरीही तेच.

महाराष्ट्रात हा परवाना अन्न व औषध प्रशासन देतं. मुख्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, पण तुमचं काम जिल्ह्याच्या कार्यालयातल्या औषध विभागात असतं. फूड लायसन्स त्याच इमारतीत मिळत असेल तरी तो विभाग वेगळा, एवढं लक्षात ठेवा. गोव्यात बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे जावं लागतं. अर्जाचा नमुना कॉस-५, मिळणारा परवाना कॉस-८. एकदा मिळाला की तो रद्द किंवा निलंबित होईपर्यंत चालू राहतो, मात्र दर ५ वर्षांनी तो कायम ठेवण्याचं शुल्क भरावं लागतं. ती तारीख घरच्या कॅलेंडरवर नाही, परवान्याच्या फाइलवरच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आता जागा. घरचं स्वयंपाकघर चालत नाही, हे ऐकून बहुतेक जणी इथेच थांबतात. नियमांच्या अनुसूचीत छोट्या उत्पादनासाठी प्रकारवार क्षेत्रफळाची शिफारस दिलेली आहे. पावडरींसाठी १५ चौरस मीटर, क्रीम-लोशनसाठी २५, काजळासाठी १०, अंगाच्या साबणासाठी १००. कच्चा माल आणि तयार माल ठेवायची जागा याशिवाय वेगळी. भिंती-फरशी धुता येतील अशा गुळगुळीत, पाणी पिण्यालायक, हात धुवायची सोय, अंगावर ॲप्रन, डोक्यावर टोपी. आणि देखरेखीला पूर्णवेळ एक तांत्रिक व्यक्ती हवी, उदाहरणार्थ फार्मसीची पदविका घेतलेली. शिवाय प्रत्येक बॅचची तपासणी स्वतःच्या नाहीतर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करायची.

हे आकडे पाहून घाबरू नका, कारण नवशिक्यांसाठी याच नियमांत एक फार चांगली वाट आहे. तिला लोन लायसन्स म्हणतात. ज्याच्याकडे जागा, यंत्रं, माणसं आणि परवाना सगळं आहे, अशा कारखान्यात तुमचा माल तुमच्या कृतीने, तुमच्या जबाबदारीवर बनवून घ्यायचा. त्याचा अर्ज कॉस-६, परवाना कॉस-९. कर्जाशी याचा काही संबंध नाही. मी फोनवर येणाऱ्या दहातल्या आठ जणींना हेच सुचवते. पहिली दोन वर्षं असं काढा, माल किती खपतो ते कळू द्या, मग जागेत पैसे घाला. दागिने मोडून आधी शेड बांधली आणि नंतर क्रीम कोणी घेतलंच नाही, असं घर मी जवळून पाहिलंय.

कोरियन क्रीम किंवा दुबईहून आणलेल्या लिपस्टिक विकायच्या असतील तर त्याचा राज्याशी संबंध नाही. त्यासाठी केंद्राच्या ‘सुगम’ पोर्टलवर आयात नोंदणी लागते. स्वतःपुरतं बॅगेत आणणं वेगळं आणि इन्स्टाग्रामवर विकणं वेगळं.

पायरी ३ : आत काय घालायचं नाही

अर्ज करायच्या आधी आपली कृती कागदावर टक्क्यांत लिहा. ‘मूठभर’, ‘अंदाजाने’ हे शब्द इथे चालत नाहीत. मग ती यादी भारतीय मानक आयएस ४७०७ शी ताडून पाहा. त्याच्या पहिल्या भागात चालणारे रंग आहेत, दुसऱ्या भागात बंदी असलेले आणि मर्यादेतच वापरायचे पदार्थ. कुंकू, काजळ, साबण, केसांचं तेल, या प्रत्येकाला वेगळी भारतीय मानकं आहेत. मिठाईचा रंग किंवा रांगोळीचा रंग साबणात घालणाऱ्या मी पाहिल्यात. रंग खाण्याचा असला म्हणून तो त्वचेला चालतोच असं नाही. रंगात शिसं दहा लाख भागांत २० भागांपेक्षा आणि आर्सेनिक २ भागांपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणून रंग घ्याल तो सौंदर्यप्रसाधनांसाठीचाच घ्या आणि विक्रेत्याकडून त्या लॉटचं तपासणी प्रमाणपत्र मागून फाइलला लावा.

पाऱ्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. पारा त्वचेतला रंग तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून चेहरा चटकन उजळलेला दिसतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या, म्हणजे लघवीतून प्रथिनं वाहून जाणाऱ्या आजाराच्या, २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यातले १५ जण एका विशिष्ट, क्वचित आढळणाऱ्या प्रकारचे निघाले आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरं करणारी क्रीम लावत असल्याचं सांगितलं. आपल्या अकोल्यातली बातमीही २०२३ चीच. एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली आणि शोध घेत गेल्यावर मुंबईच्या केईएम रुग्णालयात संशयाचं बोट त्यांच्या क्रीममधल्या पाऱ्याकडे वळलं. ती क्रीम स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेली होती.

आपल्या नियमांत डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडून कशातही पारा मुद्दाम घालता येत नाही, आणि चुकून आला तरी दहा लाख भागांत १ भाग ही कमाल मर्यादा आहे. मग या क्रीम येतात कुठून? ‘बेस क्रीम’ नावाने, बिनलेबलच्या पाव-अर्धा किलोच्या डब्यांतून. पार्लरवाल्या किंवा घरी क्रीम करणाऱ्या जणी तो बेस घेतात, त्यात केशर-चंदन मिसळतात आणि खरोखर आपण नैसर्गिक क्रीम विकतोय असं समजतात. प्रदर्शनातल्या त्या ताईलाही मी पहिला प्रश्न हाच केला, “बेस कुठून आणता?” ती गप्प झाली, कारण तिला डब्यावर लिहिलेलं काही आठवेना. लिहिलेलं नव्हतंच. आठ दिवसांत गोरं करणारा कोणताही बेस घेऊ नका. त्यात पारा नसला तर बहुधा स्टेरॉइड असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही औषधं आहेत. २०१८ मध्ये अशा १४ स्टेरॉइड मलमांना अनुसूची एचमध्ये घातलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती दुकानातही द्यायची नाहीत. दुकानात असताना मी अशा चेहऱ्यांच्या मुली पाहिल्या आहेत. लालबुंद, पातळ झालेली कातडी, गालावर केस आणि मलम थांबवलं की आग. त्यातल्या कोणालाच आपण स्टेरॉइड लावतोय हे माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. उटण्याची कोरडी पावडर, तेल, साबण यांत मोकळं पाणी जवळजवळ नसतं, म्हणून ती टिकतात. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, क्रीम यांत पाणी असतं आणि पाण्यात जंतू वाढतात. एकीने घरच्या कोरफडीच्या गराच्या बाटल्या मला दाखवायला आणल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात गर पाण्यासारखा पातळ झाला होता आणि तळाशी मोहरीएवढे काळे ठिपके होते. तिला अभिमान होता की यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही. डोळ्याजवळ लावायच्या वस्तूत तो अभिमान परवडत नाही. परवानगी असलेलं प्रिझर्व्हेटिव्ह, ठरलेल्या मर्यादेत, हेच प्रामाणिकपणाचं आहे. सुरुवात कोरड्या वस्तूंनी करा, हा माझा आग्रह.

प्राण्यांवर चाचणी करायची नाही. भारतात २०१४ पासून ती बंदी आहे, आणि त्याच वर्षापासून तशी चाचणी केलेला माल आयातही करता येत नाही.

पायरी ४ : लेबल

लेबल डिझायनरकडे नेण्याआधी मजकूर स्वतः एका कोऱ्या कागदावर लिहा. १०० ग्रॅम उटण्याचं पाकीट धरू.

वर वस्तूचं नाव. नुसतं ‘तेजस्विनी’ किंवा ‘रूपगंधा’ नाही, तर ‘उटणं’ हा ओळखीचा शब्दही हवा. मग उत्पादकाचं नाव आणि जिथे माल बनला त्या जागेचा पूर्ण पत्ता, पिनकोडसकट. मोबाइल नंबर म्हणजे पत्ता नव्हे. डबी अगदी छोटी असेल तर नाव, गाव आणि पिनकोड चालतो. त्यानंतर परवाना क्रमांक, त्याच्या आधी ‘एम. एल.’ ही अक्षरं. मग बॅच नंबर. साबणाला बॅच नंबराऐवजी उत्पादनाचा महिना आणि वर्ष देतात. आणि ‘या तारखेआधी वापरा’ असा महिना-वर्ष. ही मुदत शेजारच्या स्टॉलवर दोन वर्षं लिहिलंय म्हणून दोन वर्षं लिहायची नाही. माल ठेवून, तपासून, वास-रंग-जंतू पाहून ती ठरते. हे सगळं आतल्या डबीवरही हवं आणि बाहेरच्या खोक्यावरही. ग्राहक खोकं पहिल्याच दिवशी टाकून देते, मग हातात उरते ती डबी.

पुढे घटकांची यादी, वर ‘घटक’ असं लिहून. एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने, एक टक्का किंवा कमी असलेले शेवटी, कोणत्याही क्रमाने. इथे बऱ्याच जणींची लबाडी नकळत होते. उटण्यात मसूर डाळीचं पीठ ४५ टक्के, मुलतानी माती २५, मग संत्र्याची साल, नागरमोथा, गव्हला कचोरा, वाळा, आंबेहळद आणि शेवटी अर्धा टक्का चंदन. लेबलवर मात्र पहिलं नाव चंदनाचं, दुसरं केशराचं! हे नियमाविरुद्ध आहे आणि ग्राहकाची फसवणूकही. मसूर पहिलं येऊ द्या, त्यात कमीपणा काय आहे? ६० मिलीपेक्षा कमी द्रव किंवा ३० ग्रॅमपेक्षा कमी घट्ट मालाच्या पॅकवर यादी नसली तरी कायदा हरकत घेत नाही. तरीही द्या. ज्या बाईला शेंगदाण्याच्या किंवा बदामाच्या तेलाची ॲलर्जी आहे, तिच्यासाठी डबीचा आकार महत्त्वाचा नसतो.

एवढ्यावर औषध विभागाचा भाग संपतो. आता वैधमापनशास्त्र विभाग, म्हणजे आपले वजनमापेवाले. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी नाव, फोन आणि ईमेल हे लागतं. अलीकडे एकक किंमतही छापावी लागते. १०० ग्रॅमला १२० रुपये असतील तर ‘प्रति ग्रॅम १.२० रुपये’. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांच्या आत पॅकर म्हणून नोंदणीचा अर्ज या विभागाकडे करायचा असतो, तो बहुतेक जणी विसरतात.

भाषेचं एक नीट ऐका. या नियमांप्रमाणे मजकूर देवनागरीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत असलाच पाहिजे. मराठी जोडीला छापता येते, आणि छापाच, पण नुसतं मराठी लेबल चालत नाही. एका गटाने दोन हजार सुंदर मराठी पाकिटं छापून आणली आणि ती सगळी बाजूला ठेवावी लागली. पहिल्यांदा दोनशेच छापा आणि जिल्ह्याच्या कार्यालयात दाखवून मग पुढची ऑर्डर द्या.

साबणाच्या वजनाबद्दल. थंड पद्धतीचा साबण कापला तेव्हा माझ्या काट्यावर वडी ११२ ग्रॅम भरली होती. सहा आठवडे रॅकवर वाळल्यावर तीच ९८. वेष्टनावर १०० छापलेलं. त्या दिवसापासून आम्ही साचा थोडा मोठा केला आणि वजन वाळल्यानंतरच घेतो.

पायरी ५ : इशारा

वापरण्यात धोका असेल अशा वस्तूच्या आतल्या लेबलवर सुरक्षित वापराच्या सूचना, इशारा आणि त्या धोकादायक घटकाचं नाव व प्रमाण द्यावं लागतं. यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम केसांच्या रंगाचा आहे. पॅरा-फिनिलिनडायअमाइन, ज्याला सगळे पीपीडी म्हणतात, ते असलेल्या रंगावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा लागतो. तो असा, की यातल्या घटकांनी काही जणांच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करा, आणि पापण्या-भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं.

चाचणी कशी करायची हेही नियमातच आहे. कानामागची किंवा कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूची थोडी जागा साबणाने धुवायची, वापरायला तयार केलेला रंग थोडासा लावून वाळू द्यायचा, २४ तासांनी हलकेच धुवायचा. लाली, खाज, सूज काही नसेल तरच डोक्याला लावायचा. आणि हे दर वेळी करायचं. माझ्या मावशीने चौदा वर्षं एकच रंग लावला होता. पंधराव्या वर्षी भाच्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी लावला आणि पहाटे तिचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते, कपाळावरून पाणी गळत होतं. ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हे वाक्य ती दवाखान्यात पुन्हा पुन्हा म्हणत होती. शरीर असं हळूहळूच तापत जातं आणि एक दिवस भडकतं.

मेंदीचे कोन करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. खरी मेंदी हिरवट असते आणि तिचा रंग नारिंगीवरून तपकिरी होत जातो, त्याला वेळ लागतो. अर्ध्या तासात काळाभोर रंग देणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पीपीडीच असतं, ते थेट त्वचेवर. नवरीच्या हातावर पाकळ्यांच्या आकाराचे फोड उठतात. तसला कोन करू नका, कोणी घाऊक दिला तरी विकू नका.

पायरी ६ : दावे

नियम एका ओळीचा आहे. घेणाऱ्याची दिशाभूल होईल असं काहीही सौंदर्यप्रसाधनावर लिहायचं नाही. ‘त्वचा स्वच्छ करते’, ‘मऊ ठेवते’, ‘सुगंध देते’ हे लिहा. ‘मुरुम बरे करते’, ‘इसब घालवते’, ‘वांग मुळापासून नष्ट’ हे काढा. टक्कल बरं करण्याचा दावा तर औषधालाही करता येत नाही, जे आजार बरे करतो असं म्हणायला बंदी आहे त्यांच्या यादीत, म्हणजे अनुसूची जेमध्ये, तो आहे.

‘नैसर्गिक’, ‘ऑर्गॅनिक’, ‘शुद्ध’ हे शब्द आता मोकळे राहिलेले नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. असा शब्द वापरला तर तो कशाच्या आधारावर, हे दाखवता आलं पाहिजे. ‘केमिकल नाही’ हे तर लिहूच नका, पाणीसुद्धा रसायनच आहे आणि साबण कॉस्टिक सोड्याशिवाय होत नाही. हे नियम पाकिटापुरते नाहीत. व्हॉट्सॲप स्टेटस, रीलमधलं बोलणं, स्टॉलमागचा फ्लेक्स, सगळ्यालाच लागू समजा.

बनावट किंवा भेसळीचा माल ठरला तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्याच्या नावाशी मिळतंजुळतं नाव आणि रंगसंगती घेणं हाही त्यातलाच प्रकार, म्हणून प्रसिद्ध ब्रँडसारखं पाकीट करून देतो म्हणणाऱ्या छापखान्याला नकार द्या.

पायरी ७ : नोंदवही आणि नमुना

दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक बॅचला एक पान. कोणता कच्चा माल, कोणाकडून, कोणत्या बिलाने, किती वजन, कोणी मिसळला, तपासणीचा अहवाल, किती पाकिटं भरली, कोणाला दिली. आणि प्रत्येक बॅचची तीन पाकिटं सील करून कपाटात, मुदत संपल्यानंतरही वर्षभर. औषध निरीक्षक आले की पहिल्यांदा ही वही मागतात. त्यांना घाबरायचं कारण नाही. नमुना घेतला तर रीतसर पावती घ्या आणि बॅच नंबर वहीत टिपून ठेवा.

तुम्ही स्वतः ग्राहक म्हणून काही घेतलं आणि शंका आली, तर कायद्याचं कलम २६ लक्षात ठेवा. कोणीही सामान्य माणूस, आपण विकत घेतलेलं सौंदर्यप्रसाधन, ठरलेलं शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि सहीचा अहवाल मागू शकतो. बिल मात्र जपून ठेवलेलं हवं. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते, आणि किंमत, वजन, फसवी जाहिरात यांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

तुमच्या मालाबद्दल तक्रारीचा फोन येईल तेव्हा ‘आमच्या मालाने असं होतच नाही’ हे वाक्य तोंडातून काढू नका. आम्हाला गेल्या नरक चतुर्दशीला सकाळी साडेसातला फोन आला, उटणं लावल्यावर नातवाच्या पाठीवर पुरळ उठलं म्हणून. आधी सांगितलं, गार पाण्याने धुवा, घासू नका, अंगावर आणखी काही लावू नका आणि डॉक्टरांना दाखवा. मग पाकिटावरचा बॅच नंबर विचारला. त्यांनी चष्मा आणून वाचला. वहीत त्या बॅचच्या पानावर आंबेहळद नव्या व्यापाऱ्याकडची होती. कपाटातलं पाकीट काढून दुसऱ्याच दिवशी तपासणीला पाठवलं, आणि उरलेली ८६ पाकिटं कोणकोणत्या दुकानात आहेत ती यादी त्याच पानावर होती. दुपारपर्यंत सगळ्या दुकानदारांना फोन करून ती बाजूला काढायला लावली.

त्या ताईचा, प्रदर्शनातल्या, महिन्यापूर्वी पुन्हा फोन आला होता. बेसचं क्रीम तिने बंद केलंय. सध्या फक्त उटण्यासाठी एका कारखान्याशी लोन लायसन्सचं बोलणं चाललंय आणि लेबलचा कागद तिने मला व्हॉट्सॲपवर पाठवला. मसूर पहिल्या नंबरावर होतं. पिनकोड राहिला होता, तो घालायला सांगितलंय.